कानात दडे बसले तर: कारण ओळखण्यापासून उपचारापर्यंत

नाशिकहून मुंबईला जाताना इगतपुरी मागे पडली, गाडी कसारा घाट उतरायला लागली की डब्यातले बरेच जण जबडा हलवायला लागतात. कुणी जांभया देतं, कुणी कानात बोट घालून हलवतं, मांडीवरचं बाळ एकाएकी रडायला लागतं. कसारा गेलं की बहुतेकांचे कान 'टक' करून मोकळे होतात. काहींचे होत नाहीत. ठाणं येतं, दादर येतं, काम उरकून माणूस घरी परततो, तरी कान बंद तो बंदच.

मी कान तपासण्याचं काम करते. अशी माणसं आमच्याकडे येतात, पण त्यांच्याबरोबर घाट न ओलांडलेलेही कितीतरी येतात. कुणाची सर्दी नुकतीच गेलेली असते, कुणी तलावात पोहून आलेलं असतं, कुणाला रात्री नीट ऐकू येत होतं आणि सकाळी उठल्यावर एका कानाने काहीच कळत नसतं. तक्रार सगळ्यांची एकच: "कानात दडे बसलेत." कारणं मात्र इतकी निराळी, की एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याचं नुकसान करतो. म्हणून आधी ओळखायचं कसं ते सांगते, उपाय त्यानंतर.

आत काय होतं

कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली छोटी पोकळी असते, तिला मध्यकर्ण म्हणतात. तिथून एक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. ही युस्टेशियन नळी. मोठ्या माणसात ती साधारण साडेतीन सेंटीमीटर लांब असते. एरवी ती मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात आणि आतबाहेरचा दाब सारखा होतो.

मध्यकर्णाचं अस्तर आतली हवा सतत थोडीथोडी शोषत असतं. त्यामुळे सर्दीने नळीचं तोंड सुजलं आणि ती उघडेनाशी झाली, तर आतला दाब कमी कमी होत जातो. गरम भाजी भरून बंद केलेला स्टीलचा डबा गार झाल्यावर झाकण आत ओढलं जाऊन घट्ट बसतं, तसा पडदा आत ओढला जातो. ताणलेला पडदा नीट हलत नाही, म्हणून आवाज लांबून आल्यासारखे वाटतात आणि स्वतःचं बोलणं डोक्यात घुमतं. बरेच दिवस असंच राहिलं तर पोकळीत पाणी साठायला लागतं.

घाटात हेच झपाट्याने घडतं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे आणि इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी असतो. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरतानाच आपण ३०० मीटरच्या आसपास खाली येतो. बाहेरचा दाब वाढतो, आतला मागे राहतो. मुंबईहून परत वर चढताना उलटं होतं. आतली जादा हवा नळीतून आपोआप निसटते, कारण नळीचं घशाकडचं मऊ तोंड आतून येणाऱ्या हवेला वाट देतं आणि बाहेरून दाब आला की मिटतं. म्हणून जाताना त्रास होतो, येताना फारसा होत नाही.

हा फरक सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्याएवढा झाला, की नळी नुसत्या गिळण्याने उघडत नाही. नाशिक ते मुंबई सगळा उतार धरला तरी फरक ५०च्या आसपासच असतो, त्यामुळे निरोगी कान तो सहज पेलतो. विमानाचं तसं नाही. केबिनमधला दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. तिथून मुंबईत उतरताना फरक १५० ते १९० मिलिमीटरपर्यंत जातो. विमानात कान वेळेवर मोकळा करावा लागतो तो यामुळे.

सगळ्यात आधी: हे दोन मिनिटांत तपासा

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एका कानाचं ऐकणं अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत गेलं असेल, तर तो कानाच्या नसेचा किंवा आतल्या कानाचा, म्हणजे मध्यकर्णाच्याही पलीकडच्या ऐकण्याच्या भागाचा, झटका असू शकतो. तो दुखत नाही. माणसाला फक्त कान बंद झाल्यासारखा, भरल्यासारखा वाटतो, अनेकदा सोबत शिट्टीसारखा आवाज येतो. बऱ्याच जणांना तो सकाळी उठल्यावर किंवा फोन त्या कानाला लावल्यावर कळतो. "सर्दीने असेल, मळ असेल, बघू आठवडाभर" असं म्हणण्यात मोलाचे दिवस जातात. यावर स्टेरॉइडचा उपचार असतो आणि तो जितक्या लवकर सुरू होईल तितकी आशा जास्त. दोन आठवडे उलटल्यावर त्याचा उपयोग बराच कमी होतो.

फरक ओळखायला एक साधी चाचणी आहे. शांत खोलीत बसा, ओठ मिटा आणि 'म्‌‌‌' असा खालच्या पट्टीत लांब आवाज काढा. तो कोणत्या कानात जास्त घुमतो ते बघा. मळ, पाणी किंवा दाब यांमुळे कान बंद असेल, तर आवाज *बंद* कानात मोठा वाटतो. खात्री करायची तर निरोगी माणसाने एका कानात बोट घालून हेच करून बघावं, आवाज लगेच त्या कानाकडे सरकतो. पण तुमचा कान बंद आहे आणि आवाज *चांगल्या* कानाकडे जातोय, तर दोष आतल्या कानात असण्याची शक्यता मोठी. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. चाचणीत नीट काही कळलं नाही तरीही जा, कारण ही चाचणी दिशा दाखवते, निदान करत नाही.

कान बंद होण्यासोबत पुढचं काही असेल तरीही घरगुती उपाय करत बसू नका: कानातून रक्त किंवा पू येणं, गरगरून उलट्या होणं, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं, कानामागे सुजून लाल होणं, डोक्याला मार लागल्यानंतर कान बंद होणं.

मग कारण शोधा

स्वतःला काही प्रश्न विचारा. सर्दी, शिंका, नाक बंद असं काही चालू आहे का किंवा नुकतं होऊन गेलं का? गिळल्यावर कानात टकटक होऊन क्षणभर बरं वाटतं का? तसं असेल तर दोष बहुधा नळीचा. अंघोळीनंतर किंवा पोहून आल्यावर एकदम बंद झाला? मग आतला मळ पाण्याने फुगला असण्याची शक्यता आहे. चावताना, तोंड मोठं उघडताना कानापुढे दुखतं, कटकट वाजतं? तिथे कान निर्दोष असून जबड्याचा सांधा त्रास देत असतो. रात्री दात खाणाऱ्यांना आणि सतत ताणाखाली असलेल्यांना हे बरंच होतं. अशांनी काही दिवस मऊ खावं, सुपारी आणि च्युइंगम बंद ठेवावं, जबडा कोमट कापडाने शेकावा आणि दातांच्या डॉक्टरांना दाखवावं.

स्वतःचा श्वास कानात ऐकू येतो, आडवं झाल्यावर बरं वाटतं आणि अलीकडे वजन बरंच उतरलंय, तर नळी बंद नसून उघडीच राहत असावी. अशा कानात हवा ढकलणं आणि नाक मोकळं करणारे थेंब घालणं दोन्ही चुकीचं. कान भरून येतो, घूं-घूं आवाज येतो, ऐकणं कमी-जास्त होतं आणि सोबत वीस मिनिटं ते काही तास टिकणारी गरगर, असे झटके पुन्हापुन्हा येत असतील तर मेनियर हा विकार असू शकतो. त्यात जेवणातलं मीठ कमी करणं हा उपचाराचाच भाग असतो, म्हणून लोणचं-पापड आधी हात आखडता घेऊन खायला लागा आणि तपासून घ्या.

घाटात आणि विमानात कान मोकळा कसा करायचा

एक नियम सगळ्या पद्धतींना लागू: कान दुखायची वाट बघायची नाही. उतार सुरू झाला की कामाला लागायचं आणि दर मिनिटा-दोन मिनिटांनी करत राहायचं.

पहिली पायरी गिळण्याची. पाण्याचे छोटे घोट घ्या, गोळी चघळा, खोटीखोटी जांभई द्या. जांभई अर्धवट नको. जीभ खाली आणि टाळू वर उचलला गेल्याचं जाणवेपर्यंत ताणा. बहुतेकांचं काम एवढ्यात होतं.

नाही झालं तर नाक चिमटीत धरा आणि तोंड मिटून पाण्याचा घोट गिळा. याला टॉयन्बी पद्धत म्हणतात. मला ही सगळ्यात आवडते, कारण यात जोर लावायला वावच नाही.

तिसरी वाल्साल्वा पद्धत, जी इटलीचे शरीरशास्त्रज्ञ आंतोनियो वाल्साल्वा यांनी १७०४ साली वर्णिली. मध्यम श्वास घ्या, तोंड मिटा, नाकाच्या पुड्या चिमटीत धरा आणि नाक शिंकरताना लावतो त्यापेक्षा कमी जोराने हवा नाकाकडे ढकला. दोन-तीन सेकंदच. कानात हलका 'टक' आला की थांबा. आला नाही तर जोर वाढवू नका. घोट गिळा, थोडं थांबा, पुन्हा हलक्याने करा. इथेच लोक घात करून घेतात. चेहरा लाल होईपर्यंत फुंकल्याने आतल्या कानाचा नाजूक पडदा फाटू शकतो आणि ऐकणं कायमचं जाऊ शकतं. नाकात पिवळा-हिरवा शेंबूड भरलेला असताना ही पद्धत वापरूच नका, जंतू सरळ कानात ढकलले जातात. हृदयविकार किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार असलेल्यांनी, नुकतंच डोळ्यांचं किंवा कानाचं ऑपरेशन झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

कारने जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून, जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून उतार काही मिनिटांत संपतो. जुन्या घाटात वळणं घेत उतरताना कानाला जुळवून घ्यायला जो वेळ मिळायचा, तो आता मिळत नाही. सर्दी असेल तर बोगद्याच्या आधीच पाण्याची बाटली हातात घ्या. चालवणाऱ्याने मात्र गिळण्यावर आणि जांभईवरच भागवावं.

नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून विमानाने जाणार असाल, तर उतरायच्या आधीचा अर्धा तास झोपू नका, कारण झोपेत आपण फार कमी वेळा गिळतो. सर्दी असेल आणि डॉक्टरांनी चालेल म्हटलं असेल, तर नाक मोकळं करणारा स्प्रे उतार सुरू होण्याच्या साधारण अर्धा तास आधी मारा. विमान टेकल्यावर मारून काही उपयोग नाही. बाळाला उतरताना जागं ठेवून पाजा. नाक गच्च बंद आणि कान दुखतोय अशा अवस्थेत, जमत असेल तर प्रवासाची तारीखच पुढे ढकला.

तारकर्लीला स्कूबा करायला जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: पाण्यात दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, आणि कान सगळ्यात जास्त त्रास देतो तो पहिल्या काही मीटरांतच. प्रत्येक हातभर उतरताना कान मोकळा करायचा. दुखला तर थोडं वर यायचं. सर्दीत जायचंच नाही, पैसे भरलेले असले तरी.

सर्दी आणि ऍलर्जीने बसलेले दडे

नाशिकमध्ये याचे हंगाम ठरलेले आहेत. दिवाळीनंतर गारठा वाढतो, निफाडचा पारा घसरतो आणि सर्दीचे कान सुरू होतात. कांद्याच्या खळ्यावर, बाजार समितीत, पोल्ट्रीत धुळीत काम करणाऱ्यांचं नाक वर्षभर सुजलेलं असतं. पावसाळ्यात ओल्या भिंतींवरची बुरशी त्यात भर घालते. कान बंद होतो, पण खरं दुखणं नाकात असतं. म्हणून कानात थेंब टाकून इथे काहीच साधत नाही, उपचार नाकाचा करावा लागतो.

रोज दोनदा मिठाच्या पाण्याने नाक धुवा. पाव लिटर पाण्यात सपाट अर्धा छोटा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. नळाचं, बोअरचं किंवा नदीचं पाणी तसंच नाकात घालू नका. त्यातून मेंदूला जिवावर बेतणारा अमिबाचा संसर्ग क्वचित होतो, आणि तो टाळणं आपल्या हातात आहे. जलनेतीचं भांडं असेल तर उत्तम, नसेल तर मेडिकलमध्ये सलाईनचा नाकाचा स्प्रे मिळतो. धुऊन झाल्यावर नाक जोराने शिंकरू नका, एकेक नाकपुडी हलकेच मोकळी करा.

वाफ घेतल्याने बरं वाटतं, जरूर घ्या. पण मुलांना उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाकवू नका. भाजण्याचा धोका फायद्याहून मोठा आहे.

नाक झटकन उघडणारे थेंब, म्हणजे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन, हे तीन ते पाच दिवसांचे पाहुणे. त्यापुढे वापरले की नाक उलट जास्त बंद होतं, मग पुन्हा थेंब, पुन्हा बंद. वर्षानुवर्षं खिशात ही बाटली घेऊन फिरणारी माणसं मी बघते आणि फार वाईट वाटतं, कारण हे चक्र सुरू होऊ न देणं सोपं होतं. रक्तदाब, काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी विचारल्याशिवाय वापरू नयेत. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही रक्तदाब वाढवू शकणारे घटक असतात, हेही लक्षात ठेवा.

ऍलर्जी असेल तर डॉक्टर फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनसारखा स्टेरॉइडचा नाकाचा स्प्रे देतात. 'स्टेरॉइड' ऐकून लोक घाबरतात, पण यातलं औषध अंगात फारच थोडं जातं. अडचण असते वापरण्याच्या पद्धतीत. स्प्रे हलवा. मान किंचित *पुढे* झुकवा, मागे टाकू नका. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारा, टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे ठेवा, मधल्या पडद्याकडे नको. त्यानंतर हळू श्वास घ्या, जोराने ओढू नका. घशात कडवट उतरलं तर औषध वाया गेलं असं समजा. दोन दिवसांत फरक दिसत नाही म्हणून बंदही करू नका, पूर्ण परिणाम यायला एक-दोन आठवडे लागतात. नाकात ऍलर्जीची सूज असली तर याचा चांगला उपयोग होतो. सूज नसून नुसती नळी सुस्त असेल, तर या स्प्रेकडून फार अपेक्षा ठेवू नका.

सर्दी गेल्यावरही आठवडा-दोन आठवडे कान भरल्यासारखा वाटू शकतो, तो हळूहळू सुटतो. तीन आठवडे उलटूनही तसाच असेल तर दाखवा. आणि मोठ्या माणसाच्या *एकाच* कानात पडद्यामागे पाणी साठून राहिलं असेल, तर नाकाच्या मागची जागा दुर्बिणीतून तपासून घेतलीच पाहिजे. तिथली गाठ नळीचं तोंड दाबत असेल, तर बंद कान हेच तिचं पहिलं लक्षण असू शकतं.

मळ

मळ हा आजार नाही. तो कानाचं रक्षण करतो आणि जबड्याच्या हालचालीने आपोआप बाहेर सरकतो. इअरबड, काडेपेटीची काडी, हेअरपिन, गाडीची किल्ली यांनी आपण तो आत ठासतो. लसूण घालून कडकडीत केलेलं तेल, गोमूत्र, कांद्याचा रस कानात घालायचा नाही. पडद्याला भोक असेल तर ते सरळ मध्यकर्णात जातं, आणि दमट हवेत तेलकट कानात बुरशी माजते. घाटावर, जत्रेत कान साफ करून देणाऱ्यांपुढे कान धरू नका.

पडद्याला कधी भोक नव्हतं, कान वाहत नाही, दुखत नाही, ऑपरेशन झालेलं नाही अशी खात्री असेल, तर मळ मऊ करणारे थेंब तीन ते पाच दिवस घालता येतात. बाटली मुठीत धरून अंगाइतकी कोमट करा, गार थेंबांनी गरगरतं. एका कुशीवर झोपून घाला आणि पाच मिनिटं तसेच राहा. सुरुवातीला मळ फुगून कान आणखी बंद वाटेल, घाबरू नका. तरीही सुटला नाही तर डॉक्टरांकडून काढून घ्या, तिथे हे काही मिनिटांचं काम आहे. मधुमेह असलेल्यांनी घरी प्रयोग न करता सरळ तिथेच जावं.

सिंहस्थात रामकुंडावर डुबकी मारायला जाणाऱ्यांपैकी ज्यांच्या पडद्याला भोक आहे त्यांनी कानात व्हॅसलीन लावलेला कापूस घट्ट बसवावा. त्याहून बरं म्हणजे डोकं पाण्याखाली न नेता ओंजळीने पाणी घ्यावं.

मुलांचे कान

मुलांची नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून प्रत्येक सर्दी कानापर्यंत पोहोचते. मूल "कान बंद आहे" असं सांगत नाही. ते टीव्हीचा आवाज वाढवतं, हाक मारली तर दुसऱ्यांदा वळतं, वर्गात लक्ष देत नाही म्हणून बोलणी खातं. पडद्यामागचं पाणी बऱ्याचदा तीन महिन्यांत आपोआप जातं, म्हणून डॉक्टर थांबायला सांगतात ते टाळाटाळ म्हणून नाही. त्या काळात मुलाला वर्गात पुढच्या बाकावर बसवायला शिक्षकांना सांगा, घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ते बंद करा, बाळाला सपाट झोपवून बाटलीने पाजू नका. तीन महिन्यांनंतरही पाणी असेल आणि ऐकणं कमी असेल, तर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवतात, कधी सोबत नाकामागच्या वाढलेल्या ऍडिनॉइड गाठी काढतात.

तपासायला जाताना

कागदावर एवढं लिहून न्या: कोणता कान, कधीपासून, अचानक की हळूहळू, आधी सर्दी, प्रवास किंवा पोहणं झालं का, गरगर आणि कानात आवाज आहे का, कोणती औषधं चालू आहेत, कानात आणि नाकात काय काय घालून झालं. शेवटची गोष्ट लाजून लपवू नका. तेल घातलं असेल तर तसं सांगा.

डॉक्टर आधी दुर्बिणीने पडदा बघतील आणि ५१२ हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून कपाळावर ठेवतील. तुम्ही घरी 'म्‌‌‌' करून जे बघितलंत, तेच ते नेमकेपणाने बघतात. पुढची तपासणी टिंपॅनोमेट्रीची. कानात रबरी बोंडी बसवून दाब कमी-जास्त करतात आणि पडदा किती हलतो त्याचा आलेख काढतात, दुखत अजिबात नाही. आलेखाचं शिखर मधोमध आलं तर अहवालात 'ए' लिहिलेलं असतं, म्हणजे दाब ठीक. शिखर एका बाजूला सरकलं तर 'सी', म्हणजे आत दाब कमी. आलेख सपाट आला तर 'बी', बहुधा पाणी, पण मळाने कान बुजलेला असला किंवा पडद्याला भोक असलं तरीही आलेख सपाट येतो. जोडीला ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची चाचणी, करून घ्या, विशेषतः ऐकणं कमी वाटत असेल तर. खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल तर त्र्यंबक नाक्याजवळचं जिल्हा रुग्णालय किंवा आडगावचं डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेज इथे कान-नाक-घसा विभागात दाखवता येतं. जुने अहवाल सोबत न्या, कारण आजचा आलेख मागच्या आलेखाशेजारी ठेवल्यावरच कान सुधारतोय की नाही ते कळतं.